सोमवारच्या तालमीआधी

(सांगली येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे मी एकदा कोदंड म्हणून उभा राहिलो होतो. कॉलेजचं गॅदरिंग होतं. ‘संगीत शारदा’तले दोन प्रवेश करायचे ठरले होते, तेही गाणी गाळून. गाणी गाळलेली ‘शारदा’ म्हणजे बिनफोडणीचं वरण, पण आमच्यात गाणारं कुणी नव्हतं. माझं पाठांतर मात्र पहिल्या तालमीलाच चोख होतं. पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाचं कोवळ्या शारदेशी लग्न, त्याचा मांडव, भटजी, वऱ्हाडी, आणि ते थांबवायला विंगेतून धावत येणारा मी, म्हणजे सुधारक कोदंड. मधोमध उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि हिंदी सिनेमातल्या वकिलासारखं बोट रोखून सुरू झालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात वर केला.

“थांब. हे लग्न तू कशाच्या जोरावर थांबवतोयस?”

“कायद्याच्या, सर.”

“कुठल्या कायद्याच्या?”

“शारदा कायद्याच्या.” आणि वर शहाणपणाने जोडलं, “या नाटकावरूनच तर झाला तो!”

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, “घरी जा. तो कायदा कुणी केला आणि कधी केला, ते शोधून आण. सापडेपर्यंत कोदंड मांडवाबाहेर.”

मला चार दिवस लागले. आता तुम्हाला चार मिनिटं लागतील, त्यामुळे तुमच्याकडे सबबच नाही. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकाचा. मंजूर झाला १९२९ साली, अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी. मुलीचं लग्नाचं वय किमान १४, मुलाचं १८. आडनाव सारडा, आणि आपल्याकडे बोलता बोलता त्याचा ‘शारदा कायदा’ झाला. नाटकाच्या नायिकेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली वारले. म्हणजे मी कोदंडाच्या हातात जो कागद दिला होता, तो यायला नाटकानंतर तीस वर्षं लागली आणि तो पाहायला नाटककारही उरले नव्हते.

इथवरची गोष्ट नुसती चूक सुधारण्याची झाली. तेवढंच असतं तर आज मी तुमचा वेळ घेतला नसता. पाचव्या दिवशी सरांनी मला संहिता पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, “आता सांग, लग्न मोडतं कशाने?”

वाचलं. लग्न मोडतं गोत्रावरून. वधू-वर सगोत्र निघतात, म्हणून मांडव उठतो. पंच्याहत्तरीचा म्हातारा आणि कोवळी मुलगी हे काही तिथल्या भटजींना आड येत नाही. एक गोत्र मात्र आड येतं. मी हा प्रवेश दहा वेळा पाठ म्हटला होता आणि त्यातली ही गोम मला दिसली नव्हती. मी माझ्या काळातून तो वाचत होतो. माझ्या काळात अशा मांडवात कुणीतरी ‘थांबवा हे लग्न!’ म्हणतं आणि कायदा पाठीशी असतो. कोदंडाच्या पाठीशी कोण होतं?

ते पाहायचं तर १८९९ च्या मागे पंधरा वर्षं जावं लागतं. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईवर दावा लावला, माझी बायको नांदायला येत नाही म्हणून. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पहिल्या न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी पैसे देऊन प्रकरण मिटलं. ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली, हा पुढचा भाग. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा. त्याने वय १० वरून १२ वर नेलं, आणि तेवढ्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडले, टिळक विरोधात उभे राहिले, भांडारकर शास्त्राधार काढून बाजूने उभे राहिले. आता नीट पाहा. हा कायदा शरीरसंबंधाच्या वयाबद्दल होता. लग्न कितीही लहान मुलीचं, कितीही म्हाताऱ्याशी लावा, त्याला तो हात लावत नव्हता. म्हैसूर संस्थानाने मात्र १८९४ साली नियम केला होता की पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदाच्या आतल्या मुलीशी लग्न करायचं नाही. भुजंगनाथ म्हैसुरात असता तर अडकला असता. ब्रिटिश मुलखात त्याला वयावरून हटकणारं काही नव्हतं.

हे कळल्यावर माझ्या कोदंडाचं बोट आपोआप खाली आलं. सरांना सांगावंच लागलं नाही. ज्याच्या हाती कायदा आहे तो माणूस मांडवात एका प्रकारे उभा राहतो. आणि ज्या शास्त्राने हे लग्न लावायला कधीच ना म्हटलं नाही त्याच शास्त्रातलं एक कलम शोधून ज्याला मुलगी सोडवायची आहे, तो दुसऱ्या प्रकारे. त्याला ओरडून चालत नाही. त्याला भटजींना पटवायचं आहे, म्हणजे भटजींच्या भाषेत बोलायचं आहे. त्याचा आवाज दबलेला, भरभर, घाबरलेला असू शकतो. वेळ थोडा आहे. सप्तपदी झाली की गोत्र सांगून उपयोग नाही. त्या सुधारकाला स्वतःच्या मनात लाजही वाटत असेल, की वयाबद्दल बोलायचं सोडून मला गोत्रावर यावं लागतंय. संवाद तेच, एक शब्द बदलला नव्हता. प्रवेश मात्र पहिल्या दिवशी झाला होता तो राहिला नाही. तिथे तेव्हा टाळी पडली होती, आता शांतता व्हायची.

शारदेचा बाप कांचनभट व्हायला आमच्यात एक दणकट मुलगा होता. त्याने पहिल्या दिवशी मिशीला पीळ देऊन खलनायक उभा केला. भिक्षुकाला मिशी! ती सरांनी जागच्या जागी उतरवली. मग विचारलं, “पैसे घेऊन मुलगी देणाऱ्या बापाला त्या वर्षांत घराबाहेर काय दिसत होतं?” १८९६ च्या अखेरीपासून मुंबईत प्लेग, पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आणि रँडचा खून, १८९६-९७ चा दुष्काळ, आणि ‘शारदा’ आली त्याच वर्षी संवत छप्पन्नच्या दुष्काळाला सुरुवात. नाटकात यातलं काही नाही. देवलांनी प्लेगचा उल्लेख केलेला नाही आणि करायचीही गरज नव्हती. समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या घरातच तो होता. पैशाची हाव म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. कांचनभटाला माफ करा असं मी म्हणत नाही. पण तो मुलगा नंतर पैसे मोजताना घाईने, खाली मान घालून मोजायला लागला, आणि तेव्हा त्याचा जो राग आला तो मिशीवाल्याचा कधी आला नव्हता.

आणि शारदा. आमची शारदा करणारी मुलगी ‘म्हातारा नवरा नको’ एवढंच खेळत होती. भुजंगनाथावर हशा पिकायचा, तीही आतून हसत असायची. सरांनी तिला तीन पुस्तकं दिली: रमाबाई रानड्यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’. आठ दिवसांनी ती तालमीला आली ती गप्प. म्हणाली, “सर, हिला म्हाताऱ्याची भीती नाहीये. तो मेल्यानंतरची भीती आहे.” बरोबर होतं. पंच्याहत्तरीचा नवरा अजून किती जगणार? मग केशवपन, आलवण, एका वेळचं जेवण, आणि पुढची पन्नास वर्षं कोणाच्या तरी माजघरात. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तर त्यांच्यावर बहिष्कार पडला, आणि नाटक त्यानंतर सहाच वर्षांनी आलेलं. ती मुलगी मग पदराला हात लावायची तेव्हा तो हात आधी केसांवर जायचा. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आज इतक्या वर्षांनी तिचा चेहरा विसरलोय, तो हात आठवतो.

रमाबाईंच्या पुस्तकातून आमच्या कोदंडालाही, म्हणजे मलाच, एक चपराक बसली. न्यायमूर्ती रानडे सुधारकांचे अग्रणी. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली त्यांचं लग्न झालं ते अकरा वर्षांच्या रमाबाईंशी. ते स्वतः तिशी ओलांडलेले. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही. सुधारक म्हणजे दगडात कोरलेला पुतळा नव्हे, घरात वडिलांसमोर मान खाली घालणारा माणूस. कोदंडाला मी त्यानंतर पुतळ्यासारखा कधी उभा केला नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि काल तुमच्यातल्या एकाने विचारलंच, “सर, हे सगळं तालमी सुरू असताना वाचलं तर नाही का चालणार? स्पर्धेला दिवस थोडे असतात.” नाही चालणार, आणि त्याचं कारण अगदी देहाचं आहे. तालमीत एकदा हात बसला की बसतो. पहिल्या तीन दिवसांत आवाजाची जी पट्टी लागते, जिथे पॉज पडतो, ज्या वाक्याला मान वळते, ते सगळं चौथ्या दिवसापासून आपलं आपण घडत राहतं. नंतर कितीही वाचा, डोकं बदलतं, मान तिथेच वळते. मग दिग्दर्शक ओरडतो आणि तुम्ही म्हणता, ‘कळतंय सर, पण येत नाहीये.’ सरांनी मला पहिल्याच तालमीला थांबवलं म्हणून मी वाचलो. आठव्या तालमीला थांबवलं असतं तर तो वकील माझ्या अंगातून निघाला नसता.

दुसरी अडचण अशी की काही नाटकं नुसती संहिता वाचून कळतच नाहीत. याच गावचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं. वाचून पाहा. विराटाचा दरबार, सैरंध्री झालेली द्रौपदी, उन्मत्त कीचक, थांबा थांबा म्हणणारा धर्मराज, हात शिवशिवणारा भीम. व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही. बंगालची फाळणी नाही, जहाल नाहीत, मवाळ नाहीत. पण १९०७ च्या थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कीचक कोण आणि सैरंध्री कोण ते ठाऊक होतं. दोनच वर्षांपूर्वी कर्झनसाहेब गेले होते, आणि १९०७ च्याच अखेरीस सुरतेला काँग्रेस फुटली. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल या नाटकाने इतका हादरला की त्याने आपल्या पुस्तकात त्यावर लिहिलं. १९१० साली सरकारने बंदी घातली. आज एखाद्या कॉलेजने ‘कीचकवध’ केलं आणि कीचकाला नुसता स्त्रीलंपट गुंड केलं, तर ते चुकीचं नाही. नाटकात तेही आहे. पण धर्मराज करणाऱ्या मुलाची फार पंचाईत होते. त्याला तो भित्रा वाटतो, आणि तो भित्राच करतो. धर्मराज हा भित्रा नाही, तो अर्ज-विनंत्यांवर विश्वास असलेला सभ्य गृहस्थ आहे, आणि प्रेक्षकांत निम्मे लोक त्याच्याच मताचे होते. हे कळल्याशिवाय ती भूमिका उभीच राहत नाही.

बंदीचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्या बंदीच्या थोडंच आधी नाशकात काय झालं. २१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, निरोपादाखल त्याला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींच्या नाटकाला बोलावलं होतं. तिथे अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे अठराच्या आसपासचा, म्हणजे तुमच्याच वयाचा विद्यार्थी. चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आणि त्या रात्री नाटक कुठलं लागलं होतं? ‘संगीत शारदा’.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावलो होतो. ज्या नाटकाला आपण ‘सामाजिक’ असा शिक्का मारून कपाटात ठेवतो, त्याच्या एका प्रयोगाचं नाव खटल्याच्या इतिहासात आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, नाटकाचं एकच साल लिहून आणू नका. गोष्ट कधीची, लिहिली कधी, आणि कुठल्या रात्री कुणापुढे झाली, हे तिन्ही पाहा. कधी तिन्ही जवळ असतात, कधी त्यांच्यात शतकं असतात.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये असतात. स्पर्धांमध्ये त्यातले प्रवेश अजून होतात, आणि परीक्षक म्हणून मी ते पाहतो. बहुतेक वेळा पेशवाईचा थाट, पगड्या, शेले, आणि नाना फडणवीसांवर हशे काढण्याची अहमहमिका. खरा घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक गुदमरून मेले आणि १७९१ च्या ऑगस्टच्या शेवटी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. हे वाचा, जरूर वाचा. पण एवढंच वाचून आलात तर तुम्ही नाटकाला इतिहासाच्या परीक्षेला बसवाल, आणि ते नापास होईल. विजय तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्वतःच सांगितलं होतं. ते १९७२ चं नाटक आहे. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम कसा उभा करते आणि नको झाल्यावर जमावाच्या हाती कसा देते, हे त्या वर्षी बसलेल्या प्रेक्षकाला दाखवायचं होतं. म्हणजे इथे अभ्यास पेशवाईचा करायचा आणि सत्तरच्या दशकाचाही. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. आणखी एक बारकी गोष्ट. खरे नाना फडणवीस १८०० साली वारले तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई अजून बालवयात होती. नानांच्या लग्नावर हशा काढताना हे ठाऊक असलेला नट आणि नसलेला नट यांचा हशा वेगळा येतो. परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर ते पहिल्या दोन वाक्यांत समजतं.

उलट बाजूही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी दोनशे पानी फाईल घेऊन माझ्या दारात उभं राहील. एका वर्षी एका कॉलेजच्या मुलांनी इतका अभ्यास केला की रंगमंचावर माणसं दिसेचनात. दिवा त्या काळचा, तांब्या त्या काळचा, चष्म्याची काडीही त्या काळची. आणि प्रत्येक नट आपल्याला किती माहिती आहे ते डोळ्यांनी सांगतोय. पंचेचाळीस मिनिटं मी वस्तुसंग्रहालयात बसून होतो. त्यातला नायक मला नंतर भेटला तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, “तुझ्या पात्राला सकाळपासून भूक लागली होती का?” त्याच्या फाईलीत ते नव्हतं. वाचलेलं सगळं विसरून जावं लागतं, आणि विसरायला आधी वाचलेलं असावं लागतं. रंगीत तालमीला मी फाईल आणू देत नाही.

दुसरा धोका मोबाईलचा. ‘एकोणिसाव्या शतकातली मराठी स्त्री’ म्हणून शोधलं की निम्मी चित्रं मालिकांची येतात. त्यातली नऊवारी, त्यातली नथ, त्यातला उंबऱ्यावर उभं राहण्याचा झोक. मुली तोच झोक घेऊन येतात. एका कॉस्च्युम-डिझायनरच्या कल्पनेची नक्कल आपण देवलांच्या नावावर खपवतो. त्यापेक्षा आजीला विचारा. तिच्या आजीने काय सांगितलं होतं ते विचारा. साखळी लांब नाही. तीन म्हाताऱ्या बायकांत तुम्ही १८९९ ला पोचता.

आणि या गावात तर तुम्हाला फार लांब जायचंही नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथे. खाडिलकर इथले. देवल हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि देवलांनी ‘शारदा’ जिथे लिहिली असं सांगतात तो पार तिथे आजही दाखवतात. मी अधूनमधून जातो. हरिपुरात एके काळी जमिनीखाली हळदीची पेवं होती. लग्नसराई म्हटलं की ती हळद आठवते. पारावर बसलं की नदीवरून वारा येतो, देवळातली घंटा ऐकू येते, आणि समोरून कधी एखादं वऱ्हाड जातं. कोदंडाला आवाज किती लावायचा, हे तिथे बसून एकदा स्वतःशी म्हणून पाहा. मोकळ्यावर ओरडलेलं काहीच ऐकू जात नाही.

पार अजून जागेवर आहे. कागदांचं मात्र तसं नाही. २०१९ च्या महापुरात या शहरातली किती जुनी पुस्तकं भिजून लगदा झाली ते तुम्ही पाहिलंय; काही जणांनी ती उन्हात वाळत घातलीत. ज्या पुस्तकातून आमच्या शारदेला तिची भीती सापडली, ती प्रत त्यातच गेली. जे शिल्लक आहे ते वाचायला आता तुम्हीच आहात.

यंदा तुमच्या कॉलेजने ‘शारदा’ घेतलीय, आणि या वेळी गाणारी मुलंही आहेत, असं ऐकलं. फार बरं वाटलं. तालमी सोमवारपासून आहेत म्हणे. त्या आठ दिवस पुढे ढकला.